चाळिशीला टेकली तरी कायद्याने 'अज्ञान'

सातबाऱ्यावर एखाद्या नावापुढे 'अ.पा.क.' अशी अक्षरं असतात. अज्ञान पालन कर्ता. जमीन लहान मुलाच्या नावावर, पण ते वयात येईपर्यंत व्यवहार बघणार आई, काका किंवा आणखी कुणी. मूल सज्ञान झालं की अर्ज करून ही नोंद कमी करून घेता येते. 'अज्ञान' हा शब्द इथे शिक्षणाबद्दल नाही आणि अकलेबद्दलही नाही. कायद्याने स्वतःच्या सहीला किंमत नसणं, एवढाच त्याचा अर्थ.

हा अर्थ मनात धरून 1840 च्या सुमाराच्या स्वीडनमध्ये जाऊ. फ्रेडरिका ब्रेमर ही तिथली नावाजलेली कादंबरीकार. वय 39. स्वीडिश अकादमीचं सुवर्णपदक मिळून नऊ वर्षं झालेली. पुस्तकांमागून पुस्तकं येताहेत, लोक वाचताहेत. आणि कायद्याच्या लेखी ती अज्ञान. तिचा पालनकर्ता तिचा भाऊ क्लास. या भावाने वडिलांमागे घरची बहुतेक सगळी संपत्ती घालवलेली. तरीही बहिणींच्या पैशाअडक्याचा शेवटचा शब्द त्याचा. फ्रेडरिकाने रात्री जागून लिहून जे कमावलं, त्यावरही कायद्याने तिचा स्वतःचा हक्क चालत नव्हता.

यातून सुटायची एकच वाट होती: थेट राजाकडे अर्ज. फ्रेडरिका आणि तिची बहीण आगाथे यांनी तो केला आणि तो मंजूर झाला. दोघी 'सज्ञान' झाल्या. पण फ्रेडरिकाच्या मनातून तो अर्ज गेला नाही. आपल्याला जे मिळालं ते मेहेरबानी म्हणून मिळालं, हक्क म्हणून नाही, हे तिला उमगलं होतं. पुढे 16 वर्षांनी तिने त्यावर कादंबरी लिहिली आणि स्वीडनच्या संसदेत त्या कादंबरीच्या नावाने वाद झडला. तो कायदा काय होता, ही बाई कोण होती आणि एका कादंबरीने कायद्याच्या बाबतीत नेमकं काय केलं, हे नीट उलगडून सांगावं असं मला बरेच दिवस वाटत होतं.

आधी कायदा. स्वीडनचा दिवाणी कायदा 1734 सालचा. त्यात पुरुष ठरावीक वयाचा झाला की आपोआप सज्ञान. बाईचं तसं नव्हतं. लग्न झालेलं नसेल, तर ती कितीही वर्षांची झाली तरी जवळच्या पुरुष नातलगाच्या पालनकर्तेपणाखाली: आधी बाप, तो गेला की भाऊ, भाऊ नसेल तर काका किंवा आणखी कुणी. लग्न झालं की पालनकर्ता नवरा. नवरा वारला किंवा घटस्फोट झाला तरच ती स्वतःची मुखत्यार. म्हणजे 23 वर्षांची विधवा दुकान विकू शकत होती, करारावर सही करू शकत होती, आणि 60 वर्षांची अविवाहित बाई यातलं काहीच करू शकत नव्हती. कायद्याला बाईचं वय दिसत नव्हतं, तिच्या शेजारी कोणता पुरुष उभा आहे एवढंच दिसत होतं.

स्वीडिश भाषेत अशा पालनकर्त्याला 'मोल्समान' म्हणत. या शब्दाची फोड केली तर 'दुसऱ्याच्या वतीने बोलणारा माणूस' असा अर्थ निघतो. कोर्टात बाईच्या वतीने तो बोलणार. याशिवाय आणखी एक पद होतं, 'गिफ्तोमान'. हा बाईला लग्नात 'देणारा'. मुलीला मुलगा पसंत असला तरी गिफ्तोमानने हो म्हणेपर्यंत लग्न नाही. पुष्कळ घरांत दोन्ही पदं एकाच माणसाकडे, म्हणजे बापाकडे, असायची. पैसाही त्याच्या हातात आणि लग्नाची परवानगीही त्याच्याच हातात. बाप चांगला असेल तर ठीक. वाईट असेल तर दाद मागायला जागा फार थोडी. हे लक्षात ठेवा. पुढे कादंबरीत हीच गाठ आहे.

फ्रेडरिकाचा जन्म 17 ऑगस्ट 1801 चा. गाव तुओर्ला, ओबू शहराजवळ. आज हे शहर फिनलंडमध्ये आहे आणि तुर्कू या नावाने ओळखलं जातं. तेव्हा फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता. वडील कार्ल फ्रेडरिक ब्रेमर श्रीमंत व्यापारी. मुलगी तीन वर्षांची असताना कुटुंब स्टॉकहोमला आलं आणि थोड्याच काळात शहराच्या दक्षिणेला ओर्स्ता नावाचा जुना वाडा त्यांनी विकत घेतला. हिवाळा शहरात, उन्हाळा ओर्स्ताला.

घर पैशाने भरलेलं आणि मुलींसाठी कोंडवाड्यासारखं. थोरली बहीण शार्लोत्त हिने फ्रेडरिकाच्या मृत्यूनंतर तिचं चरित्र लिहिलं, त्यात घरातले काही तपशील आहेत. सकाळी आठला मुलींनी कपडे करून आईला सुप्रभात म्हणायला जायचं. आई छोट्या दिवाणखान्यात कॉफी घेत बसलेली. दारापासून तिच्या खुर्चीपर्यंत मुली कशा चालतात हे ती निरखून बघायची. चाल बिघडली की परत दारापाशी पाठवायची आणि पुन्हा चालत यायला लावायची. मग झुकून नमस्कार, मग हाताचा मुका. मुलींना वाढवण्याची आईची तीन सूत्रं होती: जगातल्या वाईटाची त्यांना गंधवार्ता नको, शिक्षण होईल तेवढं द्यायचं, आणि खायला होईल तेवढं कमी द्यायचं. मुली नाजूक राहाव्यात, कादंबरीतल्या नायिकांसारख्या दिसाव्यात, म्हणून ही उपासमार. अंग मोकळं करावंसं वाटलं तर बाहेर जायचं नाही. खुर्चीमागे उभं राहायचं, तिची पाठ धरायची आणि जागच्या जागी उड्या मारायच्या.

खुर्चीमागच्या त्या उड्या मला फार बोलक्या वाटतात. मुलींना हालचाल हवी हे घराला मान्य होतं, पण पाय कुठे तरी नेतील ही भीतीही होती. फ्रेडरिका मुळात धसमुसळी, हट्टी, हातातली वस्तू आगीत फेकणारी पोर. नेपोलियनशी लढाई चालू असताना आपणही सैन्यात जावं असं तिच्या मनाने घेतलं होतं. अशा मुलीला भरतकाम देऊन खिडकीशी बसवलं गेलं. 1821 साली कुटुंबाने युरोपची मोठी सफर केली. जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स बघून ती परत आली आणि पुन्हा तेच भरतकाम. जग दाखवून दार लावून घेतल्यासारखं झालं. त्या काळातल्या तिच्या लिखाणात खोल निराशा आहे.

वाट सापडली ती ओर्स्ताच्या आसपासच्या गरिबांमुळे. 1826-27 च्या हिवाळ्यात बहिणींसोबत ती तिथेच राहिली आणि आजारी माणसांची शुश्रूषा, औषधपाणी करू लागली. त्याला पैसे लागत आणि हातात पैसे नव्हते. तेव्हा लिहून पैसे मिळवावेत असं तिने ठरवलं. 1828 मध्ये 'रोजच्या जीवनातली रेखाटनं' अशा अर्थाच्या शीर्षकाचं पुस्तक निघालं, लेखिकेच्या नावाशिवाय. पुढच्या भागांत 'एच. कुटुंब' ही कादंबरी आली आणि तिने वाचकांना वेड लावलं. नाव फार दिवस झाकून राहिलं नाही. 1831 मध्ये अकादमीने पदक दिलं.

त्या कादंबरीत नवीन काय होतं? गोष्ट सांगणारीचं नाव बेआता व्हार्दाग्सलाग. हे आडनाव 'रोजचं', 'नेहमीचं' या अर्थाच्या शब्दापासून बनवलेलं. ती घरात मदतीला आलेली बाई आहे, नायिका नाही. तिच्या नजरेतून जेवणाची टेबलं, आजारपणं, मुलींच्या लग्नांची चिंता, पैशाची ओढाताण दिसते. राजे, किल्ले, भुतंखेतं यांत रमलेल्या स्वीडिश गद्यात मध्यमवर्गीय घर असं पहिल्यांदाच आत येऊन बसलं. स्वीडनमध्ये वास्तववादी कादंबरीची सुरुवात करणाऱ्यांत तिचं नाव घेतात ते यासाठी. पण याच घरात एलिझाबेथ नावाची एक अंध मुलगी आहे. तिच्या आत धगधगतं प्रेम आहे, संताप आहे, आणि त्याला बाहेर पडायला कुठेही जागा नाही. वरवर गोड दिसणाऱ्या या पुस्तकात खुर्चीमागे उड्या मारणारी मुलगी कुठे आहे, हे शोधायचं असेल तर एलिझाबेथकडे बघावं.

1830 मध्ये वडील गेले. इथून क्लासचं पालनकर्तेपण सुरू झालं. त्याच सुमाराला फ्रेडरिकाला तत्त्वज्ञान आणि साहित्य शिकवायला पेर ब्योक्लिन हे शिक्षक भेटले. त्यांनी तिला लग्नाची मागणी घातली. तिने पुष्कळ विचार केला आणि नकार दिला. लेखनाला आयुष्य द्यायचं ठरवलं. पत्रांतून दोघांचा स्नेह मात्र टिकला. कायद्याच्या बाजूने बघितलं तर तिच्यापुढे दोनच पर्याय होते: भावाच्या पालनकर्तेपणाखाली राहायचं किंवा नवऱ्याच्या. ब्योक्लिन भले गृहस्थ होते, पण कायदा भला-बुरा बघत नव्हता.

मग 'शेजारी' (1837) आणि 'घर' (1839) या कादंबऱ्या आल्या. 1842 पासून मेरी हॉविट यांनी तिची पुस्तकं इंग्रजीत आणली आणि इंग्लंड-अमेरिकेत ती घराघरांत पोचली. या सुमारापासून ती स्वतःच्या नावाने लिहू लागली.

1849 मध्ये, 48 व्या वर्षी, ती एकटी अमेरिकेला निघाली. त्या काळात एकट्या बाईने अटलांटिक ओलांडायचा! दोन वर्षं ती तिथे होती. इमर्सन, लाँगफेलो, हॉथॉर्न या तिथल्या नामवंत लेखकांना भेटली. पण मला तिचं कौतुक वाटतं ते दुसऱ्या गोष्टीसाठी. ती तुरुंग बघायला गेली, शाळा बघायला गेली, पश्चिमेकडे नव्याने वसलेल्या स्वीडिश शेतकऱ्यांकडे राहिली, आणि दक्षिणेत गुलामांच्या झोपड्यांत आणि त्यांच्या प्रार्थनांना जाऊन बसली. माणसांचा लिलाव तिने डोळ्यांनी पाहिला. क्युबालाही जाऊन आली. हे सगळं ती घरी आगाथेला पत्रांतून लिहीत होती. तीच पत्रं पुढे 'नव्या जगातली घरं' या पुस्तकात आली. अमेरिकेत आयोवा राज्यात आज 'ब्रेमर' नावाचा जिल्हा आहे, तो हिच्याच नावाने.

1851 मध्ये ती परत आली, पण आगाथे तोवर वारली होती. जिच्यासाठी दोन वर्षं लिहिलं, ती घरात नव्हती.

अमेरिकेत तिने बायकांना शाळा चालवताना, सभेत बोलताना, डॉक्टरकीचं शिक्षण घेताना पाहिलं होतं. गुलामगिरी जवळून पाहिली होती. माणसाच्या सहीला किंमत नसणं म्हणजे काय, हे तिला आता अधिक मोठ्या प्रमाणावर दिसलं. 1853 मध्ये स्टॉकहोममध्ये पटकीची साथ आली, तेव्हा पोरक्या मुलांसाठी काम करणाऱ्या स्त्रियांच्या संस्थेची धुरा तिने घेतली. पुढच्या वर्षी क्रिमियाचं युद्ध चालू असताना जगभरच्या स्त्रियांनी शांततेसाठी एकत्र यावं असं आवाहन तिने केलं. ते 28 ऑगस्ट 1854 ला लंडनच्या टाइम्समध्ये छापलं गेलं आणि त्याच वर्तमानपत्राने त्यावर टीकाही केली. ती डगमगली नाही.

1856 मध्ये 'हेर्था' आली. हेर्था फाल्क ही छोट्या गावातली तरुणी. बाप करडा, संशयी. आईकडून आलेला पैसा कायद्याने त्याच्या ताब्यात. हेर्थाची बहीण आल्मा हिचं लग्न बाप होऊ देत नाही, आणि ती झुरून मरते. पुढे हेर्थाचं युंग्वे या माणसावर प्रेम जडतं. बाप संमती देत नाही. वर्षानुवर्षं टोलवत ठेवतो. मघाशी सांगितलेली गाठ ती हीच: पैसा आणि लग्न, दोन्ही एकाच मुठीत. हेर्था या काळात मुलींसाठी शाळा उभी करते. पुढे जाऊन बायकांचं विद्यापीठ असावं असं स्वप्न बघते.

कादंबरी म्हणून 'हेर्था' मला 'शेजारी'पेक्षा कमी वाटते. पात्रं लांबलांब भाषणं करतात, एक मोठं स्वप्न मध्येच येतं. बेआताच्या गोष्टीतला हलका हात इथे नाही. पण ब्रेमरला हे ठाऊक असावं असं वाटतं. कारण पुस्तकाच्या शेवटी तिने जे जोडलं, ते कुठलीच कादंबरीकार सहसा जोडत नाही: स्त्रियांच्या सज्ञानतेविषयीच्या स्वीडिश कोर्टांतल्या खऱ्या खटल्यांची माहिती. वाचकाने पुस्तक मिटताना 'छे, असं कुठे असतं' म्हणू नये, याची तिने सोय केली. आधी हेर्थासाठी डोळ्यांत पाणी आणायचं आणि मग कागद पुढे ठेवायचा.

वृत्तपत्रांतून तिच्यावर सडकून टीका झाली. घरगुती गोष्टी लिहिणाऱ्या प्रेमळ फ्रेडरिकाबाईंना हे काय झालं, असा सूर होता. ती तोवर पुन्हा प्रवासाला निघाली होती. स्वित्झर्लंड, इटली, पॅलेस्टाइन, ग्रीस असा पाच वर्षांचा प्रवास. इकडे संसदेत वाद पेटला. त्याला आजही 'हेर्था वाद' म्हणतात.

इथे एक गोष्ट साफ सांगायला हवी. कायदा बदलला तो फक्त कादंबरीमुळे, असं म्हणणं चुकीचं आहे. जमीन आधीच भुसभुशीत झाली होती. राजा पहिला ऑस्कर हा स्त्रियांच्या हक्कांना अनुकूल होता. 1845 मध्ये मुलींना मुलांइतका वारसाहक्क मिळाला होता. 1846 मध्ये जुन्या कारागीर संघांची मक्तेदारी गेली आणि बायकांना धंदा करायला वाट झाली. मध्यमवर्गात लग्न न झालेल्या बायकांची संख्या वाढत होती आणि भावांना त्या सगळ्यांना पोसणं जड जात होतं. ज्या बाईने कमवावं अशी घराची गरज आहे, तिला करारावर सही करता येऊ नये, हे व्यवहारालाही परवडणारं नव्हतं. 'हेर्था'ने केलं ते हे: आकड्यांत आणि मसुद्यांत अडकलेल्या या प्रश्नाला तिने चेहरा दिला. संसदेत सरदार, पाद्री, शहरी व्यापारी आणि शेतकरी अशी चार वेगवेगळी सभागृहं होती, सगळी पुरुषांची. तिथल्या सभासदांच्या घरी बायका-मुली हे पुस्तक वाचत होत्या.

1858 मध्ये कायदा झाला: 25 वर्षांवरची अविवाहित स्त्री कोर्टात अर्ज करून सज्ञान होऊ शकेल. म्हणजे राजाच्या मेहेरबानीऐवजी कोर्ट. अर्ज अजून होताच. 1863 मध्ये तोही गेला, आणि 25 पूर्ण झाली की ती आपोआप सज्ञान. 1872 मध्ये स्वतःच्या पसंतीने लग्न करायला घरच्यांची परवानगी लागेनाशी झाली. 1884 मध्ये वय 21 वर आलं, पुरुषांइतकंच.

लग्न झालेल्या बायका मात्र मागेच राहिल्या. सज्ञान झालेली मुलगी बोहल्यावर चढली की पुन्हा अज्ञान, नवऱ्याच्या पालनकर्तेपणाखाली. 1874 मध्ये तिला स्वतःच्या कमाईवर हक्क मिळाला, पण पूर्ण सज्ञानता 1920 च्या विवाह कायद्याने आली. 'हेर्था' निघाल्यानंतर 64 वर्षांनी. स्वीडनच्या आजच्या समानतेचं आपण कौतुक करतो तेव्हा हा मधला काळ विसरला जातो. तिथेही हे एकेक पायरी करून, एकेका सहीसाठी भांडून मिळालं आहे.

शिक्षणाच्या बाजूने काम जास्त लवकर झालं. 1859 मध्ये सोफी आडलेरस्पारे आणि रोसाली ऊलिवेक्रूना यांनी स्त्रियांसाठी नियतकालिक काढलं. 1861 मध्ये सरकारने स्टॉकहोममध्ये शिक्षिका घडवणारं वरच्या दर्जाचं विद्यालय सुरू केलं. हेर्था ज्याचं स्वप्न बघते त्याच्याशी त्याचं नातं तेव्हाच्या लोकांनीही ओळखलं. फ्रेडरिका त्याच वर्षी प्रवासातून परतली. शेवटची काही वर्षं तिने ओर्स्ताच्या वाड्यात काढली, आता तिथली भाडेकरू म्हणून. डिसेंबर 1865 मध्ये ती जुनी चार सभागृहांची संसद मोडायचा निर्णय झाला, तेव्हा ती फार आनंदली होती. नाताळात तिला सर्दी झाली, ती छातीत उतरली आणि 31 डिसेंबरला ती गेली. 1884 मध्ये सोफी आडलेरस्पारे यांनी तिच्या नावाने स्त्रियांच्या हक्कांसाठी संघटना काढली. ती आजही काम करते.

वाचायचं असेल तर 'हेर्था'पासून सुरुवात करू नका. मेरी हॉविटने इंग्रजीत आणलेलं 'शेजारी', म्हणजे 'द नेबर्स', घ्या. जुनी इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर मोफत मिळतात. नव्याने लग्न झालेली फ्रान्सिस्का मैत्रिणीला पत्रं लिहिते, नवऱ्याला लाडाने 'अस्वल' म्हणते, आणि त्याच्या सावत्र आईला, म्हणजे आपल्या जबरदस्त सासूबाईंना, पहिल्यांदा भेटायला जाताना तिची जी धांदल उडते ती वाचताना पावणेदोनशेहून जास्त वर्षं मध्ये आहेत असं वाटत नाही. त्यानंतर 'हेर्था' हातात घ्या, आणि शेवटचे खटले वगळू नका.